तुम्ही विचारलंत म्हणून: आर्यभट खरंच असा दिसायचा का?

पाहुण्यांना घेऊन पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रात गेलो की कुंडापाशी हा प्रश्न ठरलेला. तिथे चार पुतळे आहेत : आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन. बाकी तिघांना लोक चेहऱ्यावरून ओळखतात. आर्यभटापाशी आले की थबकतात.

उत्तर असं, की तो कसा दिसायचा हे कुणालाच ठाऊक नाही. गॅलिलिओ-न्यूटनची चित्रं त्यांच्या हयातीतच काढली गेली, आइनस्टाइनचे तर फोटो ढिगानं. आर्यभटाचं असं काहीच नाही, त्यामुळे नाकडोळे सगळे शिल्पकाराच्या मनातले. वय मात्र त्यानं स्वतःच श्लोकात नोंदवून ठेवलंय : कलियुगाची ३६०० वर्षं सरली तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. म्हणजे साल इसवी सन ४९९, जन्म ४७६चा. चेहऱ्यापेक्षा हे मला जास्त मोलाचं वाटतं.

मग मी त्यांना तिथल्याच फुकोच्या लंबकाकडे नेतो; पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे तो दाखवतो. नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरची झाडं मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे सरकताना दिसतात, असं आर्यभटानं लिहिलं. फिरते ती पृथ्वी. पुढे सातव्या शतकातल्या ब्रह्मगुप्त या गणितज्ञानं हे खोडून काढलं : पृथ्वी फिरत असेल तर उंच वस्तू पडत का नाहीत? शंका रास्तच होती, तिला उत्तर देणारं गतिशास्त्र तेव्हा नव्हतं. डोळ्यांना दिसेल असा पुरावा फ्रेंच शास्त्रज्ञ फुकोनं १८५१ साली पॅरिसमध्ये टांगला. खालची पृथ्वी फिरत असल्यानं लंबकाच्या झोक्याची दिशा हळूहळू वळत जाताना दिसते. ध्रुवावर फेरा सुमारे चोवीस तासांत पुरा होतो, विषुववृत्तावर दिशा वळतच नाही. पुण्याच्या अक्षांशावर साधारण ७५ तास लागतात. पाहुण्यांना तेवढा धीर नसतो, ते सेल्फीसाठी आइनस्टाइनकडे परततात.

जाता जाता भिंती मात्र दाखवतोच. वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी आधी बेसॉल्ट, मग त्याहून काळा कडप्पा (हो, ओट्याला असतो तोच) आणि शेवटी चकचकीत काळा ग्रॅनाइट वापरून अवकाशाचा काळोख चढत नेलाय.

‘मग कल्पनेतला पुतळा उभारायचाच कशाला?’ असंही काही जण विचारतात. माझ्या मते तो हवाच. पृथ्वी फिरते हे गॅलिलिओच्या हजारभर वर्षं आधी सांगणाऱ्याला केवळ चित्र नाही म्हणून त्या कुंडाबाहेर ठेवायचं? फक्त पुतळ्याखाली ‘चेहरा काल्पनिक’ अशी ठळक पाटी असावी, म्हणजे माझं निम्मं बोलणं वाचेल.