पर्थच्या किंग्ज पार्कमधलं जळालेलं रान

सप्टेंबरात पर्थला आलेला पाहुणा किंग्ज पार्कला जातोच. फ्रेझर अव्हेन्यूवर लिंबाच्या वासाच्या उंच निलगिरींखाली फोटो काढायचा, युद्धस्मारकापाशी उभं राहून खालची स्वान नदी बघायची, मग बोटॅनिक गार्डनमधले फुलांचे ताटवे. हे सगळं सुंदर आहे, बघावंच. पण 400 हेक्टरांच्या या पार्कचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग मूळचं रान आहे आणि तिकडे फारसं कोणी वळत नाही. त्यातही गेल्या उन्हाळ्यात जळलेला एखादा तुकडा असेल, तर आधी तिथे जा. इथला उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे सप्टेंबरात आगीनंतरचा पहिला वसंत सापडतो. काही फुलं त्याच वर्षी दिसतात, पुढच्या वर्षी नाही.

आम्ही सकाळी लवकर निघालो. रानातल्या वाळूच्या वाटेवर एका बाजूला न जळलेलं दाट झुडूप, दुसऱ्या बाजूला काळी खोडं. पहिली नजर पडते तेव्हा वाईटच वाटतं. मग जवळ जावं. जॅरा नावाच्या निलगिरीचं खोड बुंध्यापासून वरपर्यंत कोळसा झालेलं, आणि त्या कोळशातूनच जागोजागी आंब्याच्या कोवळ्या पालवीसारखी तांबूस पानं फुटलेली. फांद्यांना नाही, थेट खोडाला. सालीच्या आत खोलवर झोपलेले डोळे असतात, शेंडा जळला की ते जागे होतात. शेजारच्या लहान जॅराचं वरचं सगळं गेलं होतं, पण जमिनीलगतच्या लाकडी गड्ड्यातून नवे धुमारे आले होते. निलगिरीचीच नातलग असलेली मारीची झाडंही तशीच.

बँक्सियाच्या झाडांपाशी मात्र वेळ काढा. इथे मुख्यतः दोन जाती आहेत, एक पिवळ्या मेणबत्त्यांसारख्या फुलोऱ्याची, दुसरी लालसर. दोन्ही आगीनंतर खोडातून आणि बुंध्यातून पुन्हा फुटतात. जुन्या वाळक्या कणसावर टणक लाकडी कुप्या असतात. न जळलेल्या झाडावर यातल्या बऱ्याचशा घट्ट मिटलेल्या दिसल्या. जळलेल्या झाडावर त्या दोन ओठांसारख्या उघडल्या होत्या, आत काळं, पातळ पंख असलेलं बी अजून एखाद्या कुपीत अडकलेलं. हेच बी कार्नबीचे काळे काकाकुवा खातात. ते आता धोक्यात आहेत आणि पर्थभोवतालच्या बँक्सियाच्या रानांवर त्यांचं बरंच अवलंबून आहे.

बल्गाचं झाड लांबूनच ओळखू येतं. काळं, बुटकं खोड, डोक्यावर हिरव्यागार गवती पात्यांचा झुबका आणि त्यातून माणसापेक्षा उंच गेलेला फुलांचा सरळ दांडा. न जळलेल्या भागात असे दांडे मोजकेच होते, इथे झाडामागून झाड. दांड्यावरची फुलं उत्तरेच्या बाजूला आधी उमलतात, कारण दक्षिण गोलार्धात ऊन त्या बाजूने येतं. मुंग्या आणि मधमाश्याही त्याच बाजूला.

आता खाली बघत चाला. पार्कात स्वयंसेवक मोफत फेऱ्या नेतात. आमच्याबरोबरच्या वयस्कर बाईंनी आधी न जळलेल्या भागात जमिनीला चिकटलेलं, तळहाताएवढं जाड पान दाखवलं. एका ठिकाणी अशी कितीतरी पानं होती, फूल एकाही पानाला नव्हतं. मग वाट ओलांडून जळलेल्या बाजूला नेलं. तिथे त्याच पानांतून जाडसर दांडे वर आलेले, त्यांवर पांढरट आणि गडद लाल फुलं. ही रेड बीक नावाची आमरी. वर्षानुवर्षं ती नुसत्या पानावर काढते आणि उन्हाळ्यातल्या आगीनंतरच्या वसंतात भरभरून फुलते. हे एक जरी बघितलंत, तरी फेरी सार्थकी लागली म्हणा.

कांगारू पॉ, म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलियाचं राज्यफूल, जळलेल्या जागी सगळीकडे होतं. लाल मखमली दांडा आणि हिरवं फूल, खालच्या बाजूने चिरलेलं. मध खायला आलेल्या पक्ष्याच्या डोक्याला परागकण लागतात. राखेत जमिनीलगत दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या लाल चकत्याही होत्या. कासच्या पठारावर ज्यांनी दवबिंदू पाहिलाय, त्यांना ओळख पटेलच.

आगीनंतर बी रुजतं कसं, यावर याच पार्कमधल्या शास्त्रज्ञांनी मोठं काम केलंय. इथल्या कितीतरी बियांना उष्णतेपेक्षा धूर लागतो. 2004 मध्ये पर्थच्याच संशोधकांनी धुरातलं एक रसायन वेगळं काढलं, ते अत्यल्प प्रमाणातही बी जागं करतं. आता रोपवाटिकांत धुराचं पाणी वापरून बी रुजवतात.

पण आग चांगली, असा निष्कर्ष काढून घरी जाऊ नका. नदीकडच्या चुनखडीच्या उतारावर पॅरट बुश नावाचं काटेरी पानांचं झुडूप आहे. ते आगीत मरतं आणि फक्त बियांतून परत येतं. नव्या रोपाला फुलून बी धरायला काही वर्षं लागतात, त्याआधी दुसरी आग आली तर तिथून ते संपलं. शिवाय दक्षिण आफ्रिकेतून आलेलं व्हेल्ट गवत आगीनंतर मोकळ्या जागेत झपाट्याने पसरतं, उन्हाळ्यात वाळतं आणि पुढच्या आगीला सरपण होतं. म्हणून जळलेल्या भागात तण उपटणं हे इथलं सर्वांत निकडीचं काम आहे. आपल्या सह्याद्रीतल्या वणव्यांना तर हे उदाहरण मुळीच लागू नाही. सह्याद्रीही पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य कोपऱ्यासारखाच जगातल्या जैवविविधतेच्या मोजक्या प्रदेशांत गणला जातो, पण तिथल्या सदाहरित झाडांना आगीनंतर असं उठण्याची सवय नाही. दरवर्षी लावलेल्या वणव्यात कोवळी रोपंच आधी जातात.

जाणार असाल तर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात हा काळ धरा. प्रवेश मोफत आहे, शहराच्या मध्यातून बस येते, चालतही येता येतं, पण चढ आहे. आधी पार्कच्या माहिती केंद्रात विचारा, कुठला भाग जळलाय आणि कुठली वाट बंद आहे ते सांगतात. वाट सोडून आत एक पाऊलही टाकू नका. फोटोसाठी गुडघा टेकाल, तिथेच बोटभर रोपं असतात. दुरून फोटो काढता येईल अशी लेन्स न्या. येण्याआधी बुटांची माती झटकून घासून या, कारण मुळं कुजवणारा रोग मातीबरोबर पसरतो आणि बँक्सिया त्याला लगेच बळी पडतो. फूल तोडायला कायद्याने बंदी आहे, गळालेली कणसंही राहू द्या. बंद बूट घाला, ऊन चढलं की ड्यूगाइट साप वाटेवर येतो, तो विषारी आहे. थांबा, त्याला जाऊ द्या. या दिवसांत मॅगपाय पक्षी घरट्याजवळून जाणाऱ्यावर झेप घेतात, टोपी हवीच. पाणी बरोबर ठेवा, रानातल्या वाटांवर नळ नाहीत असं समजूनच चला.

हाताशी अर्धा दिवस असेल तर रान आधी आणि 1965 साली उघडलेलं बोटॅनिक गार्डन नंतर करा. रानात नाव न कळलेली झाडं तिथे पाट्यांसह भेटतात. 2008 मध्ये राज्याच्या उत्तरेकडच्या किंबर्ली प्रदेशातून 3200 किलोमीटर आणून लावलेला महाकाय बोआबही तिथेच आहे, आपल्या गोरखचिंचेचा सख्खा नातलग.