स्विफ्टची हलकी चाकं, अपडेट ५: ५४.१ चा घोळ आणि गेलेली थरथर

हलकी अलॉय चाकं बसवल्यावर स्टिअरिंगला जाणवणारी थरथर गेली. सोलापूरच्या बाळ्यापासून सावळेश्वर टोलनाक्यापर्यंत आणि परत, ८० ते १०० च्या पट्ट्यात स्टिअरिंग एकदम शांत. मागच्या दोन अपडेटमध्ये जिच्यापायी टायर, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, सगळ्यांवर आळ घेऊन झाला, तिचं मूळ शेवटी दोन मिलिमीटरच्या मोकळिकीत आणि एका न पाडलेल्या चॅम्फरमध्ये (काठाच्या तिरक्या उतारात) सापडलं. ज्यांनी बाजारातली अलॉय बसवली आहेत किंवा बसवणार आहेत, त्यांनी हा भाग सावकाश वाचा.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी आकडे परत देतो. जुनी १५ इंची लोकल अलॉय लटकत्या डिजिटल काट्यावर ८.६ किलो, नवी फ्लो फॉर्म्ड (ओतल्यावर रोलरने दाबून काठ पातळ केलेली) १५×६ जे, म्हणजे १५ इंच व्यास आणि ६ इंच रुंदी, ५.७ किलो. टायर तेच, १८५/६५ आर १५, एकेक ७.८ किलो. म्हणजे चाकामागे २.९, चार मिळून ११.६ किलो कमी. पीसीडी (स्टडची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) ४×१००, स्टड (नट ज्यावर बसतात ते बोल्ट) एम १२×१.२५, म्हणजे १२ मि.मी. व्यास आणि आट्यांतलं अंतर १.२५, स्विफ्टच्या हबचं (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाचं) माप ५४.१ मि.मी. आणि नव्या रिमचं मधलं भोक ७३.१. घोळ याच शेवटच्या दोन आकड्यांत होता.

बाजारातली रिम एकाच साच्यातून दहा गाड्यांसाठी निघते, म्हणून मधलं भोक मोठं ठेवतात आणि रिंग टाकून ते हबच्या मापाला आणतात. रिमसोबत आलेल्या काळ्या प्लॅस्टिकच्या रिंगा हातात घेतल्यावर अगदी बरोबर वाटत होत्या, कारण बाहेरून त्या रिममध्ये घट्ट बसत होत्या. आतून व्हर्निअर (बारीक मोजण्याची पट्टी) लावल्यावर आकडा आला ५६.१. ते होंडाचं माप. पुरवठादाराने पाकिटावर ‘४×१०० साठी’ एवढंच लिहिलं होतं, आणि ४×१०० मध्ये सुझुकी ५४.१, होंडा ५६.१ हा फरक त्याच्या लेखी नव्हताच. पाकिटावरच्या मजकुरावर विसंबू नका. रिंगेच्या आत आणि हबच्या बाहेर, दोन्हीकडे व्हर्निअर फिरवा.

आता प्रश्न असा की शंकूच्या नटांनी चाक आपोआप मध्यावर यायला हवं, मग रिंगेचं एवढं काय? चाक हवेत असताना, नट हाताने लावून, एकाआड एक थोडे थोडे आवळले तर ते बऱ्यापैकी मध्यावर येतंही. पण दुकानात गाडी जॅकवरून अर्धी खाली येते, मग नट आवळायची हवेवरची (न्यूमॅटिक) गन पहिल्याच नटावर पूर्ण दाबली जाते. गाडीच्या वजनाने चाक आधीच एका अंगाला बसलेलं असतं, पहिला नट त्याला तिथेच चिकटवतो आणि उरलेले तीन काही करू शकत नाहीत. ५६.१ च्या रिंगेने त्याला सरकायला पुरेशी जागा दिलेली असतेच.

हे पकडता आलं डायल गेजमुळे, म्हणजे बारीक हालचाल काट्यावर दाखवणाऱ्या मापकामुळे. बॅलन्सिंगच्या मशिनवर चाक फिरवून रिमच्या कडेवर गेज लावलं तर उभा रनआउट (फिरताना कड किती वर-खाली होते ते) ०.२५ मि.मी. तेच चाक गाडीवर बसवून, हातानेच फिरवून मोजलं तर १.०५. रिम तीच आणि गेजही तेच, फरक फक्त बसण्याचा. रनआउट हा केंद्राच्या सरकण्याच्या दुप्पट दिसतो, म्हणजे चाक ढोबळमानाने ०.४ मि.मी. बाजूला बसलेलं. कानाला किरकोळ वाटतं, पण हिशेब करा: १३.५ किलोचं चाक ०.४ मि.मी. सरकलं, तर ते १९० मि.मी. त्रिज्येच्या रिमवर सुमारे २८ ग्रॅमचं वजन चुकीच्या जागी चिकटवल्यासारखं आहे. ९० च्या वेगाला चाक सेकंदाला तेराच्या आसपास फेरे मारतं आणि प्रत्येक फेऱ्याला जवळपास पावणेचार किलोचा हिसका बसतो. ५ ग्रॅमसाठी आपण बॅलन्सिंगवाल्याशी वाद घालतो, आणि हे २८ ग्रॅम मशिनला कधी दिसणारच नाहीत, कारण मशिन चाकाला स्वतःच्या शंकूवर मध्यावर धरतं. तीन वेळा केलेलं बॅलन्सिंग तिन्ही वेळा बरोबरच होतं.

शंकूवरून एक सूचना. बॅलन्सरचा शंकू रिमच्या मागच्या बाजूने घालायला सांगा. पुढच्या बाजूची कड झाकण बसवण्यासाठी असते, ती प्रत्येक रिमवर नीट मशीन केलेली असतेच असं नाही.

प्लॅस्टिकच्या योग्य मापाच्या रिंगा मागवता आल्या असत्या. पण सोलापुरात लेथची काय कमी! यंत्रमागाचे बुश आणि शाफ्ट करणारे टर्नर शतांश मिलिमीटरची भाषा रोज बोलतात. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या अशाच एका लेथवर ॲल्युमिनिअम ६०८२ चा ८० मि.मी. व्यासाचा, ७० मि.मी. लांबीचा तुकडा दिला. चार रिंगा आणि कापण्यातली घट त्यात आरामात बसते. रिमचं भोक प्रत्यक्षात ७३.१२ भरलं म्हणून रिंगेचा बाहेरचा व्यास ७३.०५ ठेवला, हब ५४.०१ म्हणून आतला ५४.०६. मागे बारीक ओठ, म्हणजे रिंग रिमच्या आरपार निसटत नाही. ड्रॉइंग देताना छापील माप देऊ नका, आपल्या हबचं आणि आपल्या रिमचं मोजून द्या.

रिंगा सुरेख झाल्या. अंगठ्याने दाबली की आतली हवा हलकेच बाहेर पडते आणि रिंग शेवटपर्यंत जाते, असं बसणं पाहून समाधान होतं. उभा रनआउट १.०५ वरून ०.३५ वर. पण गाडी रस्त्यावर नेली तर उभी थरथर गेली आणि वेगळीच आली: ७० ला सुरू होणारी, स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवणारी. गेज रिमच्या बाजूला आडवं लावलं तर आडवा रनआउट (कड किती डावी-उजवीकडे डुलते ते) ०.९. आधी तो ०.४ होता.

इथे बराच वेळ गेला. रिम वाकली का, हबच्या तोंडावर गंज आहे का, डिस्क नीट बसलीय का, सगळं तपासून झालं. उलगडा केला मार्किंग ब्लूने. हबच्या तोंडावर निळीचा पातळ थर दिला, चाक बसवून टॉर्क लावला (नट ठरलेल्या जोराने आवळले), परत उतरवलं. रिमच्या मागे पूर्ण गोल निळा ठसा हवा होता. उमटली फक्त चंद्रकोर. दोन स्टडच्या बाजूला निळा ठसा, समोरच्या बाजूला कोरं चकचकीत ॲल्युमिनिअम. आणि रिंगेच्या आतल्या काठावर, अगदी कोपऱ्यात, केसाएवढी चमकणारी घासल्याची रेघ.

कारण असं. हबची मधली गोल मान जिथे सपाट तोंडाला मिळते, तिथला कोपरा काटकोनी नसतो, त्याला गोलाई असते. मूळ रिमच्या भोकाला म्हणूनच आतून चॅम्फर असतो. आपल्या रिंगेचा काठ धारदार सोडला होता. तो त्या गोलाईवर अडकला, मागच्या ओठामुळे रिंग रिममध्ये आणखी आत सरकू शकत नव्हती, आणि नट आवळल्यावर मऊ ॲल्युमिनिअम एका बाजूने दबलं. हबच्या तोंडापाशी ०.३ मि.मी. ची फट. हबचं तोंड १४० मि.मी. आणि रिमची कड ४०० मि.मी. धरली, तर ०.३ चे तिथे ०.८५ होतात. गेजने ०.९ दाखवलं होतं. आकडा असा जुळला की शंकेला जागा उरत नाही.

उपाय पंधरा मिनिटांचा. आतल्या काठाला २ मि.मी. × ४५ अंशांचा चॅम्फर, आणि रिंगेची मागची बाजू रिमच्या तोंडापेक्षा अर्धा मि.मी. आत. परत निळ लावली, ठसा पूर्ण गोल. उभा ०.३५, आडवा ०.४. त्यानंतरची टोलनाक्याची फेरी वर सांगितलीच.

बसवण्याची पद्धत आता पक्की केली आहे. हबचं तोंड वायर ब्रशने चकचकीत करायचं, मानेवर ग्रीसचं अगदी पातळ बोट फिरवायचं, कारण स्टीलच्या हबवर ॲल्युमिनिअमची रिंग पावसाळ्यानंतर धरून बसते. स्टडला ग्रीस अजिबात नको, टॉर्कचा आकडा खोटा होतो. चाक हवेत, चारही नट हाताने, मग समोरासमोर ४० न्यूटन मीटरपर्यंत, गाडी खाली आल्यावर मॅन्युअलमधला पूर्ण टॉर्क, आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर परत एकदा रेंच. नटांचंही बघून घ्या. रिमसोबतच्या पाकिटात एम १२×१.५ चे नट निघाले होते. ते एम १२×१.२५ च्या स्टडवर दीड-दोन आटे जातात आणि मग अडकतात. तिथे गन चालवली की स्टड संपला.

आता ज्याच्यासाठी हे सगळं केलं, त्याकडे. चाकातला एक किलो म्हणजे बॉडीतले दहा किलो, हे वाक्य आपल्या मंडळींत फार फिरतं. ते चूक आहे. वेग वाढवताना फिरणारं वजन किती भारी पडतं हे त्रिज्येच्या वर्गावर ठरतं. रिमचा काठ केंद्रापासून १९० मि.मी., टायरची रस्त्यावरची त्रिज्या साधारण ३०० मि.मी.; वर्ग केला की ०.४. म्हणजे रिमच्या काठावरचा एक किलो जास्तीत जास्त १.४ किलोसारखा वागतो, टायरच्या नक्षीतला एक किलो १.९ सारखा. दहा कुठेच येत नाही. आपले ११.६ किलो पिकअपसाठी सोळा किलोसारखे. चालकासह साडेनऊशे किलोच्या गाडीत हे पावणेदोन टक्के, १२ सेकंदांच्या ० ते १०० मध्ये ०.२ सेकंद. फोनच्या जीपीएसवर तो फरक वाऱ्यात हरवतो. स्थिर वेगाला ॲव्हरेजवरही चाकाच्या हलकेपणाचा परिणाम नगण्य. तिथे टायरचा रबर आणि हवा जास्त बोलतात.

फरक पडतो तो खड्ड्यात. पुढच्या एका कोपऱ्यात स्प्रिंगच्या खाली चाक, डिस्क, कॅलिपर (ब्रेकची पकड), नकल (हब धरणारा भाग) मिळून ढोबळ ३२ किलो धरले, तर २.९ किलो म्हणजे नऊ टक्के. शॉकअप तोच, पण त्याला आवरायचं ओझं कमी. खड्ड्यातून वर उडालेलं चाक लवकर रस्त्याला टेकतं. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी उठवलेल्या लागोपाठच्या लाटांवर, वळणात असताना, जुन्या चाकांवर गाडीचं तोंड थोडं बाहेर सरकायचं आणि स्टिअरिंग दुरुस्त करावं लागायचं. आता तीच वळणं एका हाताच्या पकडीत पार होतात. सिटी स्पीडला स्टिअरिंग मध्यावरून हलवताना पहिला प्रतिसादही चटकन येतो. यातला काही वाटा रिमच्या अर्धा इंच जादा रुंदीचा आहे, सगळं श्रेय वजनाला देणं बरोबर नाही.

तुलना करताना हवेचा दाब सांभाळा. दहा अंशांनी तापमान वाढलं की ३२ पीएसआयच्या टायरमध्ये सुमारे दीड पीएसआय वाढतो. मे महिन्यात सकाळी सहाला आणि दुपारी दोनला केलेल्या दोन चाचण्या म्हणजे दोन वेगळे टायर समजा. आपल्या सगळ्या फेऱ्या पहाटेच्याच आहेत.

१६ इंचांचा बेत होता तो रद्द. १९५/५५ आर १६ चा व्यास जुळतो, पण रिम आणि टायर दोन्ही जड, आणि साइडवॉल १२० वरून १०७ मि.मी. वर येते. जिल्ह्यातल्या आतल्या रस्त्यांवर ते १३ मि.मी. रिम वाचवतात. हलक्या रिमवर तर जास्तच जपायला हवं. ‘फ्लो फॉर्म्ड’ म्हणून साधी कास्ट (ओतीव) रिम विकणारे आहेत, आणि साधी कास्ट हलकी केली की ती वाकत नाही, तडकते. पैसे देण्याआधी काट्यावर ठेवलेल्या रिमचा फोटो मागा आणि मागच्या बाजूचं जेडब्ल्यूएल (जपानी चाक-मानकाचं) चिन्ह आणि कमाल भाराचा आकडा बघा. तो मॅन्युअलमधल्या पुढच्या ॲक्सलच्या कमाल भाराच्या निम्म्याहून जास्त हवाच. रेज या जपानी कंपनीच्या, १९९६ मध्ये आलेल्या टीई ३७ रिमचं नावच १५×६ मध्ये ३.७ किलो या वजनावरून पडलं, पण ती फोर्ज्ड (प्रचंड दाबाने घडवलेली) आहे. ३.७ च्या आसपासचा आकडा कास्टवर कुणी सांगितला तर पुढे जाऊ नका.

लिहिता लिहिता एक गोष्ट लक्षात आली, ती आधी सांगायला हवी होती. स्टेपनी १६५/८० आर १४ ची स्टील रिम आहे, तिचं भोक मूळ ५४.१. पंक्चर झालं, अलॉय उतरवलं आणि रिंग हबवरच चिकटून राहिली, तर स्टेपनी बसणारच नाही. रात्री मोहोळच्या पुढे हे कळून उपयोग नाही. म्हणून रिंग रिममध्येच राहिली पाहिजे. आधी सिलिकॉनचे तीन ठिपके लावायचा विचार होता, पण रिंगेची भिंत साडेनऊ मि.मी. जाड आहे, म्हणजे बाहेरच्या अंगाला २ मि.मी. च्या ओ-रिंगची (गोल रबरी कडीची) खाच सहज पाडता येईल. ओ-रिंग रिमला धरेल, हब मोकळा राहील. नायट्राइल रबर नको, ब्रेकच्या उष्णतेत कडक होईल, उष्णता सोसणारा व्हायटॉन रबर घ्यायचा. रिंगा उद्या परत लेथवर जातात. तोपर्यंत डिकीत रबरी हातोडा आणि स्टेपनीसाठी मूळ नटांचा संच ठेवला आहे.

पुढच्या वेळी ओ-रिंगच्या खाचेची मापं, आणि हजार किलोमीटरनंतरचे चारही चाकांचे रनआउट.