खालच्या थरात राहिलेलं विष

पोलिसांच्या पत्रात एकच ओळ होती: 'औषध प्राशन केल्याचा संशय.' कोणतं औषध, घरात डबा सापडला का, काहीच नाही. विषशास्त्र विभागात येणारी बरीच पत्रं अशीच असतात. पंचनाम्यात चपलांचं वर्णन असतं, पण डब्यावरचं नाव नसतं.

व्हिसेराच्या, म्हणजे शवविच्छेदनात काढून ठेवलेल्या अवयवांच्या, बरण्या मिठाच्या संपृक्त द्रावणात, सील शाबूत. यकृत-मूत्रपिंड वाटून, प्रथिनं अमोनियम सल्फेटने बसवून, गाळून अर्क सेपरेटिंग फनेलमध्ये (न मिसळणारे द्रव वेगळे करायच्या तोटीच्या काचपात्रात) घेतला आणि ईथर घातलं. यकृताचा अर्क जोरात हलवला की दोन थरांच्या मध्ये ताकावरच्या फेसासारखं इमल्शन धरतं आणि मग ते तासन्‌तास सुटत नाही. म्हणून फनेल आडवं धरून हळू फिरवायचं आणि दर वेळी तोटी वर करून ईथरची वाफ सोडायची. हे हाताला कळतं, पुस्तकातून येत नाही. त्या दिवशी थर आरशासारखे वेगळे झाले. वरचं ईथर सोडियम सल्फेटवरून गाळलं, आटवलं, टीएलसी प्लेटवर (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या पातळ थराच्या पट्टीवर) ठिपके दिले, कीटकनाशकांचे डाग दाखवणारं पॅलेडियम क्लोराइड फवारलं. प्लेट कोरी. आम्ल करून काढलं, अल्कली करून काढलं, तरी कोरीच.

सहकारी म्हणाले, "निरंक द्या, विष सापडलं नाही म्हणून. फायलींचा ढीग बघा किती आहे." ढीग खराच होता. पण शवविच्छेदनाच्या टिपणात जीभ आणि घसा सोललेला, मूत्रपिंडं निकामी, फुफ्फुसं जड आणि घट्ट असं लिहिलं होतं. माणूस विष घेतल्यावर चार दिवस जगला होता. ऑर्गॅनोफॉस्फेट या नेहमीच्या कीटकनाशकांचं चित्र असं नसतं. मला पॅराक्वाटचा संशय आला. ते तणनाशक आहे आणि त्याला उतारा नाही.

१८५० साली बेल्जियममध्ये रसायनशास्त्रज्ञ स्टासने बोकार्मे या विषप्रयोगाच्या खटल्यात मृताच्या अवयवांतून निकोटीन काढलं. अल्कलीत निकोटीनचा विद्युतभार जातो आणि ते ईथरमध्ये उतरतं. आमची पद्धत त्याच तत्त्वावर उभी आहे. पॅराक्वाटवर मात्र दोन धनभार कायमचे असतात. पीएच काहीही करा, ते पाणी सोडत नाही. म्हणजे असलंच, तर ते आम्ही मोरीत ओततो त्या खालच्या पाण्याच्या थरातच असणार.

तो थर मी ठेवून घेतला होता, पण मीठ-सल्फेटने भरलेल्या त्या द्रावणावर विसंबायचं नव्हतं. मूत्रपिंडाचा नवा तुकडा घेतला, ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाने प्रथिनं काढली आणि प्लॅस्टिकच्या नळीत घेतलं, कारण पॅराक्वाट काचेला चिकटतं. अल्कली केलं. पॅराक्वाट असलं तर निळा रंग देणाऱ्या डायथायोनाइटची ताजी बाटली फोडली. दमट हवेत ते निकामी होतं. शेजारी एक कोरी नळी आणि एक मुद्दाम पॅराक्वाट घातलेली. चिमूट टाकताच आमची नळी निळी झाली. कोरी जशीच्या तशी. पुढे एलसी-एमएसवर, म्हणजे रेणू वेगळे करून त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रावर, खात्री झाली.

अहवाल गेला. माझ्या डोक्यात आजवर निरंक गेलेल्या फायली आहेत. त्यांचे खालचे थर कुणी ठेवले नव्हते, त्यामुळे त्यांत काय होतं ते आता तपासता येत नाही. आता आमच्या टेबलावर अहवाल सही होईपर्यंत जलथर फेकायचा नाही, असं ठरवून घेतलंय. लघवी आणि फुफ्फुसाचा तुकडा पाठवा, असं मी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना अजून लिहितोय. पत्रं जातात, बरण्या मात्र जुन्याच यादीप्रमाणे येतात.