रिकामा उभा की खोळंबलेला?

आमची डिस्पॅचची गाडी संध्याकाळी सातला सुटते. साडेपाचनंतर पॅकिंगमध्ये मान वर करायला फुरसत नसते. नेमकं तेव्हाच कुणी भिंतीला टेकून मोबाईल चाळताना दिसलं की माझं डोकं फिरायचं. गेल्या सीझनला शिफ्ट सुरू होतानाच सगळ्यांचे मोबाईल जमा करून घेतले. दोन दिवस गेले, फरक शून्य. माणसं तशीच उभी, हात तेवढे रिकामे.

तिसऱ्या दिवशी वही घेऊन कोपऱ्यात उभी राहिले. कोण थांबलं, कधी, कशासाठी, एवढंच लिहीत गेले. पानभर एकच शब्द: लेबल. टेबलं पाच आणि लेबल प्रिंटर एक. त्यात ऑर्डरी आम्ही गठ्ठ्याने सोडायचो, म्हणजे प्रिंटर एक तर गप्प, नाहीतर तुंबलेला. ज्यांना मी कामचुकार समजत होते ते बहुतेक जण खोळंबलेले होते. त्यातल्या एकीला मी आदल्याच दिवशी चारचौघांत बोलले होते. माफीही चारचौघांतच मागितली.

आता ऑर्डरी थोड्या थोड्या सोडतो आणि ऑफिसातला जादा प्रिंटर खाली आणलाय. उभं राहणं बरंच कमी झालं. उरला एक जण. टेपचा रोल आणायला जायचा तो पंधरा मिनिटं गायब. त्याच दिवशी शिफ्ट संपल्यावर त्याला एकट्याला बसवलं. "आज तू चार वेळा टेप आणायला गेलास. तुझी पार्सलं शेजारच्या ताईंनी बांधली." जे पाहिलं तेवढंच बोलले, 'तू आळशी आहेस' वगैरे काही नाही. तो म्हणाला, "मॅडम, मी नसलो तरी गाडी भरतेच की."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. ते निष्कर्ष १९१३ साली छापून आले. आठ जण मिळून ओढताना प्रत्येकाचा जोर एकट्याच्या जोराच्या जेमतेम निम्मा भरायचा. यात काही भाग ताळमेळ न जमण्याचा असणारच. पण १९७४ च्या एका प्रयोगात डोळे बांधलेल्या माणसाला 'मागे आणखी लोक ओढतायत' असं नुसतं भासवलं, तरी त्याचा जोर घटला. आमच्याकडे लेबलांचा घोळ म्हणजे ताळमेळ न जमणं, आणि हा मुलगा म्हणजे मागे कुणीतरी ओढतंय या भरवशावर हात सैल सोडणारा.

म्हणून गाडीत माल चढवतानाची मोजणी त्याच्या एकट्याच्या सहीवर टाकली. तो नसला तर गाडी हलत नाही. तीन आठवड्यांत दोनदाच उशीर झाला. दुसऱ्या वेळी मी त्याला स्पष्ट सांगितलं की पुढची समज लेखी असेल. ताई दिवसभर दोघांचं काम ओढत होत्या आणि माझ्याकडे एकदाही तक्रार घेऊन आल्या नाहीत; त्यांच्या जिवावर मी आणखी सबुरी दाखवणार नाही.