डिस्क जिवंत, क्षमता शून्य

डिस्क फिरत होती. दिवा लुकलुकत होता. मॉडेल, अनुक्रमांक, तापमान, सगळं विचारलं की लगेच सांगत होती. आणि लिनक्सच्या यादीत तिच्यासमोर क्षमता होती शून्य बाइट. स्टोरेज अ‍ॅरेमधून (कंपन्यांच्या अनेक डिस्कांच्या मोठ्या साठवण-यंत्रातून) निवृत्त झालेल्या सास डिस्का, म्हणजे सर्व्हरमध्ये वापरतात त्या जोडणीच्या डिस्का, साध्या कॉम्प्युटरला लावताना जो ताप झाला तो लिहून ठेवतेय, कारण या बाबतीत ज्याला विचारावं तो "गेली डिस्क, फेकून दे" म्हणून मोकळा होतो.

जोडणीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सास डिस्क साध्या कॉम्प्युटरमधल्या नेहमीच्या साटाच्या पोर्टला लागत नाही (साटा डिस्क सासच्या पोर्टला लागते), यूएसबी डॉकचाही उपयोग नाही. डिस्क आहे तशी पुढे सोपवणारं एचबीए नावाचं जोडणी-कार्ड हवं. त्याऐवजी अनेक डिस्का एकत्र करून चालवणारं रेड कार्ड मध्ये असेल तर ते स्वतःच डिस्क ताब्यात घेऊन बसतं आणि खाली काय चाललंय ते कर्नेललाही, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यालाही, कळत नाही.

कार्ड योग्य होतं, तरी शून्य. कर्नेलचा लॉग, म्हणजे डीमेसेज, चाळला तेव्हा शेकडो ओळींच्या गर्दीत एक ओळ सापडली: अनसपोर्टेड सेक्टर साइझ 520. पुढे काही नाही. काय करायचं, कुठे जायचं, चकार शब्द नाही.

सेक्टर म्हणजे डिस्क एका वेळी वाचते-लिहिते तो सगळ्यात लहान तुकडा. आपल्या नेहमीच्या डिस्कचा सेक्टर 512 नाहीतर 4096 बाइटचा असतो. मोठ्या अ‍ॅरेमध्ये प्रत्येक 512 बाइटमागे 8 बाइट जादा ठेवण्याची पद्धत आहे. त्या 8 बाइटांत चेकसम (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) वगैरे हिशेब असतो, म्हणजे डेटा गुपचूप बिघडला किंवा भलत्याच जागी लिहिला गेला तर पकडता येतो. आयबीएमच्या एएस/400 घराण्यातल्या यंत्रांतही 520 बाइटचे सेक्टर वापरले गेले आहेत. लिनक्समध्ये या डिस्का सांभाळणारा एसडी ड्रायव्हर मात्र 512, 1024, 2048 आणि 4096 हे चारच आकार मानतो. सगळे दोनाचे घात. कर्नेल मेमरी ज्या तुकड्यांत वापरतो त्या 4096 बाइटच्या पेजमध्ये 520 चे सात तुकडे बसतात आणि 456 बाइट उरतात. त्या उरलेल्यांचं काय करायचं हे ब्लॉक लेयरला, म्हणजे डिस्कचं वाचन-लेखन सांभाळणाऱ्या कर्नेलच्या भागाला, शिकवलेलंच नाही.

एरवी हाच कर्नेल बराच समजूतदार असतो. स्वस्तातला पेनड्राइव्ह कॅशेबद्दल काहीच सांगत नाही, तेव्हा कर्नेल "राइट थ्रू (लिहिलेलं थेट डिस्कवर जातं असं) धरून चालतो" असं लॉगमध्ये लिहितो आणि पुढे जातो. डिस्क डेटा-संरक्षणाची सोय देते पण कार्डाला ती येत नाही, तर त्या सोयीवाचून काम चालवतो. न वापरता भागेल अशी सोय असेल तर तिच्याकडे काणाडोळा करायचा, असा त्याचा एकूण खाक्या. सेक्टरच्या आकाराकडे काणाडोळा करता येत नाही, हे मान्य. म्हणून तो क्षमता शून्य लिहितो, की एकही वाचन-लेखन डिस्कपर्यंत पोचू नये. हा निर्णय मला पटतो. राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. ड्रायव्हरच्या सोर्स कोडमध्ये नेमक्या याच जागी टिपणी आहे, की वापरणाऱ्याला ही डिस्क चालणाऱ्या आकारात पुन्हा फॉरमॅट करावीशी वाटेल, म्हणून ती यादीत राहू दिली आहे. म्हणजे लिहिणाऱ्याला उपाय ठाऊक होता! तेवढंच लॉगमध्ये छापलं असतं तर किती डिस्का भंगारात जायच्या वाचल्या असत्या.

तर, डिस्क यादीत असते आणि तिला आज्ञा देण्याचं दारही उघडं असतं. एसजी नावाच्या नोडमधून (डिव्हाइस फाइलमधून) थेट स्कझी आज्ञा, म्हणजे सास डिस्कला कळणाऱ्या भाषेतल्या आज्ञा, पाठवता येतात. एसजी३-यूटिल्स हे पॅकेज टाकायचं. त्यातलं एसजी_रीडकॅप डिस्कलाच विचारून ब्लॉकची लांबी सांगतं, आणि एसजी_फॉरमॅटला फॉरमॅट व साइझ 512 असे दोन पर्याय दिले की काम सुरू होतं. त्याआधी तो पंधरा सेकंदांची मुदत देऊन पुन्हा पुन्हा बजावतो की सगळा डेटा जाणार. त्या पंधरा सेकंदांत अनुक्रमांक ताडून बघा. एसजी नोडच्या नावातला आकडा आणि त्याच डिस्कच्या एसडी नावातलं अक्षर यांचा मेळ असेलच असं नाही, कुठला कोणाचा ते एलएसस्कझी या आज्ञेला जी पर्याय दिला की दिसतं. मी तर बाकीच्या डिस्का सरळ काढूनच ठेवल्या होत्या.

आता खरा छळ. हे फॉरमॅट म्हणजे फाइलसिस्टमचं दोन मिनिटांचं फॉरमॅट नव्हे. डिस्क स्वतःच पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक सेक्टर नव्याने आखते आणि मोठ्या डिस्कला त्यात तासन्‌तास जातात. कॉम्प्युटरला काही काम नसतं, तो फक्त मिनिटामिनिटाने "किती झालं?" विचारतो आणि डिस्क टक्का सांगते. तो टक्का ज्या गतीने हलतो ती बघवत नाही. आकडा बराच वेळ तिथेच दिसला की पोटात गोळा येतो, आणि दुसरं काही विचारावं तर डिस्कचं एकच उत्तर: तयार नाही, फॉरमॅट चालू आहे. हात लावू नका. टर्मिनल बंद झालं तरी बिघडत नाही, काम डिस्कच्या आत चाललेलं असतं. एसजी_रिक्वेस्ट्सला प्रोग्रेस हा पर्याय देऊन टक्का पुन्हा बघता येतो. वीज मात्र जाता कामा नये. आणि कॉम्प्युटर आपोआप झोपी जाण्याची सोय आधीच बंद करा, तो झोपला की डिस्कही बंद पडते.

एका डिस्कच्या वेळी वीज गेलीच. परत आल्यावर डिस्क म्हणाली, मीडियम फॉरमॅट करप्टेड. वाचून घाम फुटतो, पण त्याचा अर्थ इतकाच की आखणी अर्धवट राहिली. तीच आज्ञा पुन्हा द्यायची, आणि हो, पहिल्या टक्क्यापासून.

शेवटी एकदाचं फॉरमॅट पूर्ण झालं. अधीर होऊन यादी काढली. शून्य बाइट.

इतका वेळ थांबून हे बघणं म्हणजे दाखला मंजूर झाला पण खिडकीवरच्या माणसाच्या नोंदवहीत तो चढलेलाच नाही, असा प्रकार. एसजी_रीडकॅप डिस्कलाच विचारतं, म्हणून ते 512 दाखवत होतं. लिनक्सची यादी कर्नेलने डिस्क प्रथम सापडली तेव्हा टिपलेला आकडा दाखवत होती. आत बसवलेल्या डिस्कची क्षमता बदलेल असं तो धरतच नाही आणि आपणहून पुन्हा विचारायला जात नाही. सिसएफएसमध्ये (कर्नेलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या फोल्डरात) त्या डिस्कच्या डिव्हाइस फोल्डरात रीस्कॅन नावाची फाइल असते, तिच्यात 1 लिहायचा. लिहिला, आणि त्याच क्षणी पूर्ण क्षमता झळकली. रीबूटनेही हेच होतं, पण शेजारची डिस्क फॉरमॅट होत असताना रीबूट कोण करेल?

राहिलेलं सांगते. कधी सेक्टर 512 चाच असतो, पण डिस्क संरक्षण माहितीसकट, म्हणजे डेटा तपासण्याच्या जादा बाइटांसकट, फॉरमॅट केलेली असते. या संरक्षणाचे 1, 2 आणि 3 हे प्रकार कर्नेलला कळतात. त्यापलीकडचा आकडा दिसला की "डिसेबलिंग डिस्क" लिहून तो तिचीही क्षमता शून्य करतो. एसजी_फॉरमॅटला वेगळं काही सांगितलं नाही तर तो संरक्षणाविनाच फॉरमॅट करतो, त्यामुळे वेगळा उपाय लागत नाही. एनव्हीएमई (नव्या पद्धतीच्या जोडणीच्या एसएसडी) डिस्कवर जादा बाइटांचा आराखडा निवडलेला असेल तर तिथेही शून्य दिसू शकतं. तिथे एनव्हीएमई-सीएलआय या प्रोग्रामने साधा आराखडा निवडून फॉरमॅट करायचं.

आणि हे खरं तर सगळ्यात आधी: डिस्कची तब्येत सांगणारं स्मार्टसीटीएल एसजी नोडवरूनही चालतं, क्षमता शून्य असली तरी. फॉरमॅटला बसण्याआधी ग्रोन डिफेक्ट लिस्टचा, म्हणजे वापरताना खराब झालेल्या सेक्टरांच्या यादीचा, आकडा बघा. तो फुगलेला असेल तर त्या डिस्कपायी तासन्‌तास घालवू नका.