बिल्ल्यावर लिहिलं होतं ‘अदर्स’

दिल्लीला जायचं ठरलं ते घरात भांडण होऊनच. पुस्तकधंद्यातल्या लोकांची दोन दिवसांची परिषद, फी साडेचार हजार, वर गाडीभाडं आणि राहणं. आमचं सांगलीतलं दुकान म्हणजे दहा बाय अठराचा गाळा. जून-जुलैत वह्या-गाईडं विकायची आणि त्यावर वर्षभर कविता-कादंबऱ्या पोसायच्या, असला व्यवहार. “तिथं जाऊन काय आणणारेस?” असं नवऱ्याने विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण वीस वर्षं काउंटरमागे बसून माणूस आंबतं हो. म्हटलं, आपल्यासारखे अजून किती जण तग धरून आहेत ते तरी बघून येऊ. फेब्रुवारी 2025. जागतिक पुस्तक मेळाही त्याच आठवड्यात होता.

मिरजेहून गोवा एक्स्प्रेस, दोन रात्री आणि एक दिवस. समोरच्या बर्थवरच्या काकूंनी भुसावळपर्यंत सुनेची आणि पुढे जावेची उणीदुणी काढली. निजामुद्दीनला उतरले तेव्हा थंडीने दात वाजत होते आणि माझा स्वेटर सांगलीच्या थंडीला पुरेल एवढाच होता.

परिषद एका मोठ्या हॉटेलात. नोंदणीच्या टेबलावर कोट घातलेला मुलगा लॅपटॉपमध्ये माझं नाव शोधत होता. नाव सापडलं, मग कॅटेगरी विचारली. बुकसेलर, म्हटलं. त्याने यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. प्रकाशक होते, वितरक होते, मुद्रक होते, लेखक होते, एड-टेकवाले होते. पुस्तक विकणारा नव्हता. “मॅम, वो ऑप्शन ही नहीं है,” असं अगदी नम्रपणे सांगून त्याने बिल्ला छापून दिला. माझं नाव, खाली सांगली आणि त्याखाली ठळक अक्षरांत ‘अदर्स’.

आधी हसू आलं. पण पुढचे दोन दिवस बघते तर लोक हात मिळवताना नजर चेहऱ्यावर नाही, छातीवरच्या बिल्ल्यावर टाकायचे. ‘अदर्स’ वाचलं की हात सुटायचा. तिसऱ्या वेळी मी बिल्लाच उलटा केला.

पहिला दिवस वाचनाच्या भविष्यावर होता. एका सत्रात ‘डिस्कव्हरेबिलिटी’ (म्हणजे पुस्तक वाचकाच्या नजरेस पडणं) हा शब्द किती वेळा येतो ते मी वहीत रेघा मारून मोजलं. सतरा. मध्येच फोन थरथरला. बाहेर जाऊन घेतला तर नवरा : “अगं, दहावी भूमितीचं गाईड कुठंय? गिऱ्हाईक उभं आहे.” खालून दुसरा खण, म्हटलं, आणि परत येऊन वाचनाच्या भविष्यात बसले.

एक वक्ते मात्र कामाचं बोलले. फ्रान्समध्ये 1981 पासून कायदा आहे, प्रकाशकाने ठरवलेल्या किमतीवर नव्या पुस्तकाला पाच टक्क्यांपेक्षा जास्त सूट कुणालाच देता येत नाही. जर्मनीतही किंमत बांधलेली असते. मी पुढे सरकून बसले. मला प्रकाशकाकडून तीस टक्के कमिशन मिळतं आणि गिऱ्हाईक दुकानात उभं राहून, माझंच पुस्तक चाळत, मोबाईलवर अठ्ठावीस टक्के सूट दाखवतं. आपल्याकडे असं काही होईल का, यावर मंचावर स्मितहास्य झालं. उलट दुसऱ्या एकाने आठवण करून दिली की पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे, सरकारने तुम्हाला सवलतच दिलीय. खरंय. फक्त गाळ्याच्या भाड्यावरचा अठरा टक्के कर आम्हाला पुस्तकांच्या विक्रीतून वळता करून घेता येत नाही, तो गल्ल्यातूनच जातो. हे बोलायला माईक मिळाला नाही.

माईक मिळाला दुपारी. मी बुकपोस्टबद्दल, म्हणजे टपालखात्याच्या पुस्तकांसाठीच्या स्वस्त सेवेबद्दल विचारलं. आमचा जवळजवळ पाव धंदा टपालाने चालायचा. जतचे एक गुरुजी, आटपाडीकडची दोन वाचनालयं, इंदूरला गेलेलं एक मराठी कुटुंब. रजिस्टर्ड बुकपोस्टने पाच किलोचा गठ्ठा 80 रुपयांच्या आसपास देशात कुठेही जायचा. डिसेंबर 2024 मध्ये ती सेवा अचानक बंद झाली. आता दीडशे रुपयांच्या कवितासंग्रहाला टपालखर्च किती लावायचा आणि तो गुरुजींकडे कोणत्या तोंडाने मागायचा? मंचावरचे गृहस्थ म्हणाले, मुद्दा फार महत्त्वाचा आहे, चहाला बोलू. चहाला ते विमानतळाकडे निघालेले होते.

पण मागच्या रांगेत एकट्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या होत्या. मफलर गुंडाळलेले, सत्तरीचे असावेत. जेवणाच्या रांगेत ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांचाही बिल्ला ‘अदर्स’. सिलिगुडीत त्यांचं दुकान, बंगाली, नेपाळी, हिंदी असं सगळं विकतात, डोंगरातल्या शाळांना पोस्टाने पुस्तकं पाठवतात. पाठवायचे. मी त्यांना दादा म्हणू लागले, ते मला दीदी. आमची हिंदी सारखीच कच्ची, त्यामुळे कुणाला कुणाची लाज नव्हती.

बोलता बोलता बांधणीचा विषय निघाला. बुकपोस्टचं पाकीट दोन्ही टोकांना उघडं ठेवावं लागायचं, आत चिठ्ठीचपाटी नाही ना हे टपालखात्याला बघता यावं म्हणून. उघडं ठेवलं की कोपरे दुमडतात, ही माझी वीस वर्षांची तक्रार. दादांनी ताट बाजूला सरकवलं. परिषदेची गुळगुळीत माहितीपुस्तिका मागून घेतली. माझ्या फोल्डरचा पुठ्ठा फाडून चार बोटं रुंदीच्या दोन पट्ट्या केल्या, त्या मधोमध मोडल्या आणि पुस्तिकेच्या वरच्या-खालच्या कडांवर टोपीसारख्या बसवल्या. पुठ्ठ्याला नखाने बारीक खाच. मग गळ्यातल्या बिल्ल्याचा पट्टा काढला आणि सुतळीसारखा त्या खाचेतून ओवून आडवा-उभा फिरवला. गाठ अशी, की एक टोक ओढलं की सुटते. पोस्टमास्तरला कात्री लागत नाही आणि तो वैतागून गठ्ठा मागे ठेवत नाही. चार वेळा माझ्याकडून करून घेतली. वरणाचे दोन थेंब पुस्तिकेवर सांडले, पण कोपरे शाबूत. वेटर ताटं उचलायला आला आणि आमच्याकडे बघत उभा राहिला. साडेचार हजारांत मी एवढंच शिकले आणि मला ते महाग वाटलं नाही. “लेकिन दीदी,” दादा गाठ सोडत म्हणाले, “अब ये किस काम का?”

दुसरा दिवस मी लिहीत नाही. छापील पुस्तक मरणार की नाही यावर चर्चा झाली, निर्णय झाला नाही, पनीर चांगलं होतं.

पुस्तक मेळा भारत मंडपमला. गर्दी इतकी की स्टॉलपेक्षा लोकांच्या पाठीच जास्त बघितल्या. रविवारी दादांबरोबर महिला हाटला गेले. दर्यागंजच्या फुटपाथवरचा जुन्या पुस्तकांचा रविवारचा बाजार 2019 मध्ये उठवून इथे आणला. फुटपाथची मजा गेली म्हणतात. मी ती पाहिलेली नाही, मला इथंही हरखायला झालं. इंग्रजी बालपुस्तकं इतकी स्वस्त मिळाली की भान सुटलं. अकरा किलो! पूर्वी असतं तर तिथल्याच पोस्टातून तीन गठ्ठे सांगलीला रवाना केले असते. आता दोन पिशव्या खांद्यांना लावून निजामुद्दीनचा जिना चढले. खांदा आठवडाभर दुखत होता आणि नवऱ्याने “काय आणलंस?” विचारलं नाही, नुसतं पिशव्यांकडे बघितलं.

मे महिन्यात ‘ज्ञान पोस्ट’ नावाची नवी सेवा सुरू झाली. 300 ग्रॅमला 20 रुपये, पाच किलोला 100, अधिक कर. अभ्यासक्रमाची पुस्तकं आणि सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी. मी नियम वाचत होते तेवढ्यात सिलिगुडीहून व्हॉट्सअ‍ॅप आला. दादांनी विचारलं होतं, कविता यात कुठे बसते?

सांस्कृतिक लिहा, मी कळवलं. प्रेमकविता आहेत, त्यांचं उत्तर. मग सामाजिक लिहा, म्हटलं. थोड्या वेळाने फोटो आला. पुठ्ठ्याच्या टोप्या, सुतळी, तीच गाठ, आणि खाली एक ओळ : दोनों सिरे खुले रखे हैं, जिसको देखना है देख ले.