होडीतली उशी

आमच्या कॅथलिक शाळेत सतरा डिसेंबरला शुभवर्तमान, म्हणजे बायबलात मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चौघांनी सांगितलेली येशूची कथा, वाचायची पाळी कोणालाच नको असायची. त्या दिवशी मत्तयचा पहिला अध्याय येतो, वचने १ ते १७, म्हणजे येशूची वंशावळ. अब्राहामापासून चौदा पिढ्या, मग चौदा, मग पुन्हा चौदा. आठवीत ती पाळी माझ्यावर आली. अम्मीनादाबपर्यंत निभावले. जरुब्बाबेलला जीभ अडखळली, अबीहूदला आवाजच गेला आणि मागच्या बाकावर खसखस पिकली. आमच्या सिस्टर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "परत वाच. सावकाश. आणि यात बायका किती आहेत ते मोज."

तामार, राहाब, रूथ, शेवटी मरिया. मध्ये एक नुसतीच 'उरीयाची बायको'. झाल्या पाच. "सिस्टर, हिला नाव का नाही?" मी विचारले. बथशेबा हे नाव शमुवेलाच्या पुस्तकात आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. सिस्टरांना असणारच. पण त्या एवढेच म्हणाल्या, "वहीत लिही."

ती वही म्हणजे शाळेने मला दिलेली सगळ्यात टिकाऊ गोष्ट. (गणिताच्या बाईंनी क्षमा करावी.) शाळा भरण्याआधी आम्ही दहा-बारा जण प्रार्थनेच्या खोलीत जमायचो. त्या दिवशीच्या मिस्सेचे (चर्चमधल्या उपासनेचे) शुभवर्तमान एकदा आमच्यापैकी कोणीतरी वाचायचे, मग सगळे गप्प, मग सिस्टर तोच उतारा पुन्हा वाचायच्या. त्यानंतर ज्याला जो शब्द अडला असेल तो त्याने सांगायचा. फक्त शब्द. तात्पर्य सांगायला बंदी होती. "आपण क्षमाशील असावे" असे कोणी सुरू केले की सिस्टर हाताने थांबवायच्या: "ते मला माहीत आहे. तू कुठे थांबलास?" तो शब्द वहीत तारखेसह लिहायचा, वाटल्यास खाली एक ओळ, आणि मग त्या ओळीचीच प्रार्थना करायची.

या पद्धतीला लेक्सिओ दिविना म्हणतात, आणि बाराव्या शतकातल्या गिगो नावाच्या कार्थुसियन मठवासीयाने तिच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: वाचन, मनन, प्रार्थना, आणि शेवटी देवासमोर नुसते बसून राहणे. हे सगळे मला फार पुढे कळले. सिस्टरांनी कधी सांगितले नाही ते बरेच झाले. सांगितले असते तर आम्ही चारही पायऱ्या परीक्षेसाठी पाठ केल्या असत्या.

कॉलेजच्या वसतिगृहात माझी खोलीतली जोडीदारीण प्रोटेस्टंट होती. ती स्कॉटलंडच्या मॅकशेन या पाळकाने १८४२ साली आखलेल्या क्रमाने वाचायची. रोज चार अध्याय. वर्षात बायबलाचा जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रे दोनदा. मी एका शब्दावर बसलेली, ती तोवर जुन्या करारातले लेवीय हे पुस्तक ओलांडून पुढे. "तुझं बायबल या जन्मात संपायचं नाही," ती म्हणायची. खरेच होते ते. तिच्यामुळे मला जुन्या कराराची गोडी लागली, हेही कबूल करते. तिच्यात काही बदल झाला की नाही, ते तिलाच विचारावे लागेल.

आमच्या मिस्सेतल्या वाचनांचा आजचा क्रम १९६९ पासूनचा. रविवारचे चक्र तीन वर्षांचे: एका वर्षी मत्तय, एका वर्षी मार्क, एका वर्षी लूक. योहान प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधी) आणि पुनरुत्थानकाळात (ईस्टरपासून पुढे) जास्त भेटतो. आठवड्यातल्या दिवसांचे शुभवर्तमानाआधीचे पहिले वाचन सामान्यकाळात, म्हणजे सणांच्या काळांबाहेरच्या दिवसांत, विषम साली एक, सम साली दुसरे. शुभवर्तमान मात्र दर वर्षी तेच. म्हणजे एक उतारा वर्षाने परत समोर येतो आणि जुन्या वहीत आपलीच जुनी ओळ सापडते. यात मजा आहे, आणि थोडी लाजही.

मार्कच्या चौथ्या अध्यायातले, येशू होडीतून शांत करतो ते वादळ घ्या. ते सामान्यकाळाच्या तिसऱ्या आठवड्यात, शनिवारी येते. शाळेत असताना माझा शब्द होता 'उशी'. होडीच्या मागच्या भागात येशू उशाला उशी घेऊन झोपला होता. ही उशी फक्त मार्कला दिसली. मत्तय आणि लूक दोघेही वादळ सांगतात, झोपही सांगतात, पण उशी नाही. मी खाली लिहिले होते, "कोणी दिली असेल?" सिस्टर वाचून बराच वेळ हसत होत्या.

पुढच्या वह्यांत त्याच शनिवारी काय काय आहे! कॉलेजच्या एका वर्षी नुसते "आज वाचले नाही". नोकरीच्या पहिल्या वर्षी 'काळजी', कारण शिष्य त्याला उठवून विचारतात, आपण बुडतोय याची तुम्हाला काळजी नाही का, खाली मी लिहिले आहे, "बरोबर विचारले." लेक तान्ही होती त्या वर्षी पुन्हा 'उशी', आणि खाली, "हेवा वाटतो." वडील गेले त्या वर्षी पान कोरे आहे, फक्त तारीख. रोज मन लागते असे मुळीच नाही. महिनेच्या महिने वाचन म्हणजे दात घासण्यासारखे चालते. हल्ली सकाळी फोनवर उगवत्या सूर्याच्या चित्रावर वचन आणि खाली तयार बोध येतो, तो मी न वाचता पुढे ढकलते. आयता बोध माझ्या घशाखाली उतरत नाही. हा दोष शाळेचाच.

या जानेवारीत तोच शनिवार आला. उतारा पाठ आहे, तरी शिस्तीने दोनदा वाचला. आणि दुसऱ्यांदा छत्तिसाव्या वचनावर थांबले: त्याच्याबरोबर दुसऱ्याही होड्या होत्या. इतक्या वर्षांत हे वाक्य मी पाहिलेच नव्हते. ही ओळही मार्कशिवाय कोणाकडे नाही, आणि पुढे मार्कही त्या होड्यांचे नाव काढत नाही. त्या होड्यांत उठवायला कोणीच नव्हते. वादळ शांत झाले तेव्हा का झाले, ते तिथल्या लोकांना कोणी सांगितले असेल?

सिस्टर असत्या तर काय म्हणाल्या असत्या ते मला माहीत आहे. वहीत लिहिले आहे.